उसन्या जागेवरची पाटी



निफाड हें नांव घेतलें कीं कोणाच्या डोळ्यांपुढें द्राक्षांचे मांडव उभे राहतात, कोणाला लासलगांवच्या बाजारांतील कांद्याच्या राशी आठवतात, तर कोणाला हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत वाचलेली तेथील कडाक्याची थंडी आठवते. आज मी जें बोलणार आहें तें मात्र पिकाविषयीं नाहीं, पाटीविषयीं आहे. लहान दुकानदार आपलें नांव, आपला माल आणि आपला पत्ता दूरच्या माणसाला कळावा म्हणून जी खटपट करीत आला, तिचा हा थोडासा इतिहास आहे. त्या इतिहासाचें सर्वांत अलीकडचें प्रकरण म्हणजे फुकट मिळणारें संकेतस्थळ.

गांवांतल्या गांवांत पाटीची गरज पडत नाहीं. शिंप्याचें घर कोणतें, कासाराचें कोणतें, हें पोराटोरांनाहि ठाऊक असतें. गिऱ्हाईक नजरेच्या पलीकडे गेलें म्हणजे पाटीची गरज उत्पन्न होते. मग दवंडी येते, आठवड्याचा बाजार येतो. आणि बाजार आला कीं पहिला प्रश्न असा उभा राहतो, कीं ज्या जागेवर आपण पाल ठोकलें ती जागा कोणाची, आणि तेथें आपल्याला किती दिवस बसूं देतील?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न चांगला समजलेला होता. मराठेशाहींत एखादी नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे सरकारांतून उदमी लोकांना कौल देत. कौल म्हणजे लेखी अभय. नव्या पेठेंत येऊन दुकान घालणाऱ्यास कांहीं वर्षें करांची माफी किंवा सूट मिळे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळासाठीं इस्तावा असे. पहिल्या वर्षीं धारा नाममात्र, पुढें दर वर्षीं थोडा थोडा चढत जाऊन अखेर पूर्ण. यांत सरकारचा धर्मादाय नव्हता. पेठ भरली कीं जकात वाढते आणि रान उठलें कीं सारा वाढतो, हा सरळ हिशेब होता. परंतु त्या हिशेबांत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. माफी किती वर्षांची, हें कौलांत लिहिलेलें असे. फुकट मिळत होतें खरें, परंतु त्या फुकटाची मुदत उभय पक्षांस ठाऊक होती.

इंग्रजी अंमलांत आगगाडी आली. मुंबईहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग निफाड आणि लासलगांव या दोन्ही स्थानकांवरून गेला, आणि येथील माल दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत जाऊं लागला. टपालानें त्या मालामागून दुकानदाराचें नांवहि नेलें. १८७७ सालीं व्ही. पी.ची पद्धत सुरू झाली. माल टपालांतून पाठवावा आणि पैसे टपालवाल्यानें गोळा करून आणून द्यावे, ही सोय लहान व्यापाऱ्याला केवढी मोठी होती याची आज कल्पना येणें कठीण आहे. १ जुलै १८७९ पासून पोस्टकार्ड निघालें, तें पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. वर्तमानपत्रांतील जाहिरात ज्याला परवडत नसे त्याला कार्ड परवडे. टपाल फुकट नव्हतें, पण त्याचा दर जाहीर होता, आणि तो लखपतीला आणि फेरीवाल्याला सारखाच होता.

येथें निफाडच्या एका सुपुत्राची आठवण होणें अपरिहार्य आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. १८९० सालीं पुण्यांत औद्योगिक परिषद भरविण्यांत त्यांचा पुढाकार होता. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत पाश्चात्त्य अर्थशास्त्राचीं गृहीतें एकेक करून तपासलीं. करार करणाऱ्या दोन माणसांना पूर्ण मोकळीक असते आणि दोघांचें बळ सारखें असतें, हें त्यांपैकींच एक गृहीत. आपल्या समाजाच्या स्थितींत तें लागू पडत नाहीं, असें रानड्यांनीं प्रतिपादन केलें. रानडे ज्या काळीं बोलले त्या काळचा दुबळा पक्ष कुणबी आणि कारागीर हा होता. आजच्या विषयाला त्यांचा हा विचार कसा लागू पडतो तें पुढें दिसून येईल.

बळ सारखें नसलें तर तें नियमानें सांवरावें लागतें, हा धडा शेतमालाच्या बाजारांतहि शिकावा लागला. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांसंबंधींचा कायदा झाला, आणि १९४७ सालीं लासलगांवची बाजार समिति स्थापन झाली. कांद्याच्या व्यवहारांत या बाजाराचें नांव आज देशभर घेतात. समितीच्या कारभाराविषयीं शेतकऱ्यांच्या तक्रारी असतात, आणि त्या असाव्याहि. परंतु लिलाव उघड्यावर व्हावा, माप ठरलेलें असावें, आणि गाऱ्हाणें कोणापुढें मांडावें हें ठाऊक असावें, एवढें तरी त्या व्यवस्थेनें मान्य केलें.

आतां आपण नव्या बाजाराकडे वळूं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्या जाळ्यांत ज्याला आपली पाटी लावावयाची असेल त्याला त्या काळीं तीन गोष्टी लागत : एक स्वतःचें नांव, दुसरी तें लिखाण ठेवण्यासाठीं दूरच्या संगणकावरील जागा, आणि तिसरी तें लिखाण संगणकाच्या भाषेंत बसवून देणारा कारागीर. नांवाला आणि जागेला वार्षिक भाडें पडे, आणि कारागिराची मजुरी वेगळी. एवढा खर्च निफाडच्या रोपवाटिकावाल्याला किंवा बेदाणा तयार करणाऱ्याला कोठून झेपावा?

ही अडचण ओळखून फुकट जागा वांटण्याचा उद्योग प्रथम अमेरिकेंत निघाला. १९९४ सालीं डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनीं जी संस्था काढली ती पुढें जिओसिटीज या नांवानें प्रसिद्धीस आली. गंमत अशी कीं तिची रचना आपल्या पेठांसारखीच होती. येणाऱ्यानें विषयाप्रमाणें एखादी आळी निवडावी, तेथला मोकळा क्रमांक घ्यावा आणि आपलें पान मांडावें. लाखो लोकांनीं पानें मांडलीं. १९९९ सालीं याहू या कंपनीनें ती सारी वसाहत विकत घेतली, आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं मोडून टाकली. जपानांतली तेवढी २०१९ पर्यंत टिकली. या पेठेच्या कौलांत वर्षांचा आंकडा लिहिलेला नव्हता.

त्यानंतरच्या काळांत कारागिराचीहि गरज उरली नाहीं. १९९९ सालीं ब्लॉगर निघालें, २००३ सालीं वर्डप्रेस, २००६ सालीं इस्राएलांतील विक्स. तयार सांचा निवडावा, त्यांत आपलें नांव, छायाचित्र आणि दूरध्वनीचा क्रमांक भरावा, कीं तासाभरांत संकेतस्थळ उभें राहतें. यांतून कंपन्यांना काय मिळतें असें कोणी विचारील. फुकटच्या पानावर कंपनी स्वतःची जाहिरात लावते. पानाच्या पत्त्यांत तुमच्या नांवाला आपलें नांव जोडते. तें काढून टाकावयाचें असल्यास, किंवा अधिक जागा हवी असल्यास, शुल्क मागते. हजारांतून थोड्यांनीं शुल्क भरलें तरी बाकीच्यांचा खर्च भरून निघतो. इस्ताव्याचीच ही नवी आवृत्ति आहे.

आपल्या देशांत गूगल कंपनीनें नोव्हेंबर २०११ मध्यें लहान व्यावसायिकांसाठीं एक मोहीम काढली. संकेतस्थळ आणि नांव पहिलें एक वर्ष विनामूल्य. तीन वर्षांत ५ लाख व्यवसाय जाळ्यांत आणण्याचा तिचा संकल्प होता. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील इंटरनेट कमालीचें स्वस्त झालें, आणि नोव्हेंबरांत नोटाबंदी होऊन दुकानदाराला मोबाइलवरून पैसे घेण्याची संवय लागूं लागली. या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१७ मध्यें गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनीं दिल्लींत नवी योजना जाहीर केली : केवळ मोबाइलच्या साहाय्यानें, भारतीय भाषांतहि, संपूर्ण मोफत संकेतस्थळ. देशांतील ५ कोटी १० लाख लहान व्यवसायांपैकीं ६८ टक्के व्यवसाय इंटरनेटवर मुळींच नाहींत, असा अंदाज त्याच वेळीं प्रसिद्ध झाला होता. त्याच वर्षीं ही सोय जगभर खुली झाली.

ती लोकप्रिय कां झाली हें निफाडासारख्या तालुक्याकडे पाहिलें म्हणजे सहज समजतें. येथील व्यवसाय एक शेतीचा खरा, पण त्याच्या आश्रयानें कितीतरी लहान धंदे चालतात. द्राक्षांचीं कलमें करणारा आहे, बेदाणा सुकविणारा आहे, खोकीं आणि जाळ्या पुरविणारा आहे, फवारणीचीं यंत्रें दुरुस्त करणारा आहे. विंचूर येथें वाइनच्या उद्योगासाठीं औद्योगिक वसाहत झाली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हें पाणथळ २०१९ सालीं रामसर यादींत गेलें. महाराष्ट्रांतून त्या यादींत गेलेलें तें पहिलेंच ठिकाण. तेथें पक्षी पाहण्यास येणाऱ्यांना मुक्काम हवा, जेवण हवें, वाटाड्या हवा. या सर्वांचें गिऱ्हाईक दूरचें, आणि हंगाम थोडक्या महिन्यांचा. अशा माणसाला बारा महिने उघडी राहणारी, भाडें न मागणारी पाटी म्हणजे मोठाच आधार. मार्च २०२० मध्यें जेव्हां टाळेबंदी झाली तेव्हां नाशिक जिल्ह्यांत द्राक्षें वेलींवर होतीं आणि व्यापारी यावयाचे थांबले. कित्येकांनीं मालाचा बेदाणा केला, कित्येकांनीं थेट गिऱ्हाइकाचा शोध घेतला. ज्याचा पत्ता लोकांना सांपडत होता त्याला त्या दिवसांत पाटीचें मोल कळलें.

परंतु कथेचा शेवट येथें होत नाहीं. ५ मार्च २०२४ रोजीं गूगलनें अशीं सर्व मोफत संकेतस्थळें बंद केलीं. जुना पत्ता टंकणाऱ्याला त्या व्यवसायाच्या नोंदीकडे वळविण्याची व्यवस्था १० जूनपर्यंत राहिली. त्यानंतर तीहि गेली. नकाशावरील नोंद राहिली, दूरध्वनीचा क्रमांक राहिला. गेला तो पत्ता. आणि पत्ता केवळ पडद्यावर नव्हता. तो खोक्यांवर छापलेला होता, टेंपोच्या पाठीमागें रंगविलेला होता, लग्नाच्या मांडवांत वांटलेल्या कार्डांवर होता. खोकीं गिऱ्हाइकांच्या घरीं राहिलीं आणि त्यांवरचा पत्ता कोठेंच जाईनासा झाला.

यांत कंपनीनें कायद्याचा भंग केला असें म्हणतां येणार नाहीं. आगाऊ सूचना दिली होती, आणि दाम घेतलेलें नव्हतें. पण रानड्यांचा मुद्दा आठवतो तो येथेंच. एका पक्षाला सेवा केव्हांहि बंद करतां येते. दुसऱ्या पक्षाला फक्त ती मान्य करतां येते. लासलगांवच्या बाजारांत शेतकऱ्याला निदान समितीच्या दारांत उभें राहून जाब विचारतां येतो. या बाजारांत दार कोठें आहे हेंच दुकानदाराला माहीत नसतें.

मग फुकटची पाटी लावूंच नये काय? असें मी म्हणणार नाहीं. घरीं पापड लाटून विकणारी बाई पहिल्याच दिवशीं नांवाचें भाडें भरणार नाहीं. तिला पहिलें पाऊल टाकण्यास फुकटची जागाच उपयोगी पडते. पेठाहि अशाच वसल्या. मात्र तिनें त्या जागेकडे कौल म्हणून पाहावें, वतन म्हणून नव्हे. धंदा दोन पैसे देऊं लागला कीं आधीं स्वतःचें नांव घ्यावें. त्याला वर्षाला कांहीं शेंच रुपये लागतात, आणि २७ ऑगस्ट २०१४ पासून तें देवनागरींत, पुढें 'भारत' लावूनहि घेतां येतें. नांव आपलें असलें म्हणजे जागा बदलली तरी गिऱ्हाईक चुकत नाहीं. भाडें वेळेवर भरण्याची जबाबदारी तेवढी आपली. दुसरें, पानावर जें लिहिलें त्याची प्रत आपल्यापाशीं असावी. वर्डप्रेससारखी कांहीं साधनें अशीं आहेत कीं त्यांत मांडलेलें बिऱ्हाड उचलून दुसऱ्या जागीं नेतां येतें. कांहींत तें तसें नेतां येत नाहीं. हें मांडण्यापूर्वीं विचारून घ्यावें. आणि तिसरें, गिऱ्हाइकांचीं नांवें व क्रमांक आपल्या चोपडींत असावे. ही चोपडी आपल्या आजोबांपाशीं होती, आणि तिच्या बळावर ते कोठल्याहि बाजारांत नवें पाल ठोकूं शकत.

निफाडच्या रस्त्यानें जातांना आजहि पत्र्याच्या, रंगानें लिहिलेल्या पाट्या दिसतात. ऊन-पावसानें अक्षरें पुसट झालीं तरी त्या जागेवर आहेत, कारण खालची भिंत दुकानदाराची आहे किंवा तिच्या भाड्याची पावती त्याच्या गल्ल्यांत आहे. नव्या पाटीसाठीं भिंत निवडतांनाहि तेवढी पावती मागून घ्यावी, एवढेंच मला आज सांगावयाचें होतें.