आधी महिना, मग साल

जुना फोटो हाती आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कोणत्या सालचा? घरच्या माणसांच्या फोटोला तेवढा प्रश्न पुरतो. पण शेतांचे, माळांचे, तळ्याकाठांचे, गावाबाहेरच्या रस्त्यांचे फोटो वाचायला बसलेल्याने, निदान मराठवाड्यात तरी, आधी महिना विचारावा आणि मग साल, असे माझे ठाम मत आहे. फोटोंवरून जमीन वाचण्याच्या या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचे स्वागत करताना सगळ्यात आधी हीच गोष्ट त्यांच्या हाती द्यावीशी वाटते.

वेरूळच्या डोंगराचा एप्रिलमधला एक फोटो घ्या. काळा खडक, वाळून पिवळे पडलेले गवत, पानगळ झालेली झाडे. त्याच जागेवरून ऑगस्टमध्ये काढलेला दुसरा घ्या. खडक दिसेनासा झालेला, कड्यावरून पाणी कोसळते आहे. दोन फोटोंत अंतर फक्त चार महिन्यांचे. आता एकाच डोंगराचे दोन फोटो, दोन्ही जानेवारीतले, मधे शंभर-सव्वाशे वर्षे. ते पुष्कळदा एकमेकांच्या अधिक जवळचे निघतात. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत जेवढे बदलतो, तेवढे बदलायला माणसाला काही जागी पिढ्या लागल्या आहेत. पावसाने केलेला बदल वजा केल्याशिवाय माणसाने केलेला बदल हाती लागत नाही.

जुन्या संग्रहांत शिरताना तर हे विसरून चालतच नाही. अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी १८४४ मध्ये आलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. त्याचे फोटो १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाले. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतली लेणी-देवळे पाहत फिरला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये आला. त्यानंतर निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. पाहणीवाल्यांचा फिरण्याचा हंगाम हिवाळ्याचा असे. पावसाळ्यात गाडीवाटांचा चिखल होई, ओढे-नद्या अडवून धरत, तंबू ठोकायला कोरडी जागा मिळत नसे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला आपला मुलूख संग्रहांत बहुतेक कोरडाच दिसतो. याउलट आजच्या पर्यटनाच्या जाहिरातींत तो कायम श्रावणातला असतो. हे दोन्ही शेजारी ठेवून ‘डोंगर हिरवे झाले हो’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. डोंगर होते तसेच आहेत. कॅमेरा निघण्याचा महिना बदलला आहे.

त्या काळच्या तंत्राची दुसरी मेख अशी की, काचेवर ओला लेप द्यायचा आणि तो वाळायच्या आत फोटो घेऊन काच धुऊन काढायची. म्हणजे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सगळे हाताशी हवे. एवढा संसार घेऊन फोटोवाला डोंगराच्या आडरानात शिरत नाही. गाडी किंवा हमाल जिथवर जातील तिथवर जातो. शिवाय काच काही सेकंद उघडी राहिली तर चालती माणसे आणि गुरे पुसट होतात, कधी साफ नाहीशी होतात. जुन्या फोटोंतला निर्मनुष्य प्रदेश पाहून त्यावर हळवे लिहिणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे. तिथे माणसे होती. ती थांबली नाहीत, एवढेच.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुन्या औरंगाबाद शहरातला सर्वाधिक टिपला गेलेला विषय अर्थातच बीबी का मकबरा. या अभ्यासात मकबऱ्याचा फोटो आला तर मकबऱ्याकडे पाहू नये. तो १६६० च्या सुमारास बांधून झाला आणि कॅमेरा गावात आल्यापासून त्याच्या आकारात फार फरक पडलेला नाही. मुख्य दरवाजा दक्षिणेला, म्हणून बहुतेक फोटो उत्तरेकडे तोंड करून काढलेले; मागे बौद्ध लेण्यांची डोंगररांग येते. पाहायचे ते मधल्या पट्ट्यात आणि कडेला: झाडोरा किती, वाट कुठून, डोंगराच्या पायथ्याला घरे कोणत्या उंचीपर्यंत चढली. वास्तू स्थिर आहे म्हणूनच तिच्या आजूबाजूचे सरकणे मोजता येते. फोटोवाल्याने मुद्दाम टिपलेल्या गोष्टीपेक्षा नाइलाजाने चौकटीत आलेली गोष्ट अधिक खरी साक्ष देते. मुद्दाम टिपलेली गोष्ट त्याने निवडलेली, सजवलेली असते. कडेचा उकिरडा कोणी सजवत नाही.

हा अभ्यास जगात फार जुना नाही. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मध्ये इंग्लिश भूमीच्या घडणीवर पुस्तक लिहून कुंपणे, गल्ल्या, शेतांचे आकार हेही दस्तऐवज आहेत असे दाखवले. ऑक्टोबर १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर येथे ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचे प्रदर्शन भरले. विल्यम जेन्किन्स यांनी निवडलेल्या दहा छायाचित्रकारांनी तिथे उत्तुंग शिखरांऐवजी गोदामे, नव्या वसाहती, कारखाने यांचे थंड डोक्याने काढलेले फोटो मांडले. डी. डब्ल्यू. मेइनिग यांनी संपादित केलेला, सामान्य भूदृश्यांचा अर्थ लावणारा निबंधसंग्रह १९७९ चा. त्याच सुमारास मार्क क्लेट आणि त्यांचे सहकारी पश्चिम अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या पाहणीच्या फोटोंच्या जागा शोधून, सावल्या जुळवून, तोच हंगाम आणि दिवसाची तीच वेळ साधून पुन्हा फोटो घेत होते. त्यांच्या कोरड्या प्रदेशात महिना मुख्यतः सावलीसाठी लागे. आपल्याकडे तो सगळ्यासाठीच लागतो. आणि आपल्याकडे पायी फिरून जमीन वाचणारे कोणी नव्हते असेही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दख्खनच्या पठारावर जुन्या वाटा, देवतांची ठाणी आणि गारगोटीची हत्यारे यांची सांगड घातली ती चालत चालतच.

रॉचेस्टरचे ते प्रदर्शन उघडल्यावर चारच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, पैठणजवळ जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. हा निव्वळ योगायोग, पण आपल्या जिल्ह्यापुरता माणसाने केलेला सगळ्यात मोठा बदल हाच. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले, सुमारे दहा किलोमीटर लांबीचे, सत्तावीस दरवाजांचे हे मातीचे धरण. त्याच्या पाठीमागच्या नाथसागराचा मे महिन्यातला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. पाणी दूर गेलेले आहे. काठावर एकाखाली एक अशा बारीक रेषा उमटल्या आहेत. पाणी जिथे जिथे काही दिवस रेंगाळले त्या त्या पातळीच्या या खुणा. रेषांमध्ये भेगाळलेला गाळ आणि त्यात हिरवे-पिवळे पट्टे. ही गाळपेर. पाणी हटत जाते तशी उघडी पडलेली ओली जमीन पेरत जायची, म्हणजे वरच्या पट्ट्यातले पीक आधीचे आणि पाण्यालगतचे नंतरचे. एकाच फोटोत वरून खाली वाचत आलात तर पाणी किती झपाट्याने ओसरले याची रोजनिशी मिळते. मग काळे पाइप दिसतात, पाण्यापासून काठापलीकडे गेलेले. ते कुठे जातात ते चौकटीत नाही, पण उन्हाळ्यात एवढे पाणी ओढणारे पीक वर कुठेतरी उभे आहे, आणि ते बहुधा ऊस आहे. जमीन संपादित होऊन सरकारची झालेली, पीक शेतकऱ्याचे, आणि १९८६ पासून हाच जलाशय पक्षी अभयारण्यही आहे. सप्टेंबरमधल्या फोटोत यातले काहीच नसते. पाण्याचा सपाट विस्तार असतो, आणि पोस्टकार्डावर तोच छापतात.

त्याच धरणाची दुसरी खूण पाण्यापासून दूर सापडते. जुने गावठाण वरून पाहिले तर वाकड्या गल्ल्या, तोंडाशी वेस, आत गढी. बुडीत गावांची पुनर्वसित गावठाणे काटकोनात आखलेली, प्लॉट एकाच मापाचे. ड्रोनचा एकच फोटो असला तरी हा फरक कळतो. मात्र सरळ गल्ली दिसली की लगेच धरणग्रस्त ठरवू नये, गावकऱ्यांना विचारावे.

वाळूजच्या किंवा बिडकीनच्या बाजूला, जिथे औद्योगिक वसाहतींनी जमिनीचे भाव चढवले, तिथला रस्त्याकडेचा फोटो वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. मुरमाचे रस्ते, चुना फासलेले नंबरचे दगड, प्रवेशाला सिमेंटची कमान, आत घर एकही नाही. आखणी कागदावर चौकोनी होती, पण एका जागी गल्ली उगाच वाकते आणि वाकणावर एक मोठे लिंबाचे झाड आहे. तिथे धुरा होता. दोन भावांची किंवा दोन शेजाऱ्यांची हद्द, जिच्यापलीकडची जमीन विकायला कोणी तयार झाले नाही. प्लॉटिंग होऊनही शेताचा जुना आकार असा वर डोकावत राहतो.

१९७२ च्या दुष्काळाचे फोटो आपण ‘दुष्काळ’ या फाइलीत ठेवतो आणि त्यातल्या चेहऱ्यांकडेच बघतो. चेहरे बघावेतच. पण त्या खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या बायकांच्या मागे काय बांधले जात आहे? १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी उभे केलेले पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते आज शिवारात इतके मुरले आहेत की नव्या पिढीला ते निसर्गाचेच वाटतात. कडेला बाभळी वाढल्या, बगळे उतरले, झाले. जुना फोटो शेजारी ठेवला तरच कळते की हे तळे घमेल्याने उभे राहिले आहे.

फोटोला न जमणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवतो. बदल झाला हे तो दाखवतो. कोणाच्या अर्जाने, कोणाच्या सहीने, कोणाच्या नुकसानीत झाला, हे फेरफार, सातबारा आणि गावनकाशा यांतूनच निघते. म्हणून तहसीलमध्ये खेटे घालायची तयारी नसलेल्याने या विषयात फार खोल जाऊ नये. आणि व्यवहाराची एक सूचना: संग्रहांच्या जुन्या याद्यांत शोध घेताना ‘औरंगाबाद’ या नावाने, त्याच्या नाना स्पेलिंगांसह शोधा, छत्रपती संभाजीनगर हे नाव तिथे मिळणार नाही.

आकाशातून घेतलेल्या चित्रांनी मोठी सोय केली आहे. लँडसॅट उपग्रहांची नोंद १९७२ पासूनची आहे, म्हणजे नाथसागर भरण्याच्या आधीपासूनची. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांचे त्याहून जुने फोटो १९९५ मध्ये खुले झाले. पण तिथेही महिना आडवा येतोच: पावसाळ्यात ढग, म्हणून स्वच्छ चित्रे पुन्हा कोरड्या दिवसांचीच.

या सगळ्यात एक नवा संग्रह मात्र अगदी वेगळा आहे, आणि त्याला कोणी संग्रह म्हणत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून, मोबाइलने पिकाचा फोटो काढून नोंदवू लागला. या फोटोंत कला नाही, बहुतेक तिरके आहेत, कधी अंगठा मधे येतो. पण प्रत्येकाला जागा आहे, तारीख आहे, हंगाम आहे. बर्जेसला जो ऑगस्ट कधी टिपता आला नाही तो इथे गटागटाने जमा होतो आहे. रोजगार हमीच्या कामांचे आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटोही असेच जमत आहेत. हे फोटो पीक लावल्याचा किंवा काम झाल्याचा पुरावा म्हणून काढले जातात, त्यामुळे पुराव्याला नको असलेले त्यांतून गळते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. तरीही पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला यांचा हेवा वाटण्याइतका ऐवज मिळणार आहे, जर तो जपला गेला तर.

तोवर आपल्या घरचे आधी पाहू. ट्रंकेत विहिरीच्या उद्घाटनाचे, नव्या ट्रॅक्टरचे, बांधावरच्या हुरड्याचे फोटो पडून असतील. ते टाकून देऊ नका. घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने, शाईने नव्हे, तीन गोष्टी लिहा: महिना, फोटोवाला उभा होता ती जागा, आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते. साल आठवले तर तेही लिहा.