इटेनच्या वसतिगृहात

शाळेच्या मैदानावर पोरांना पळवताना कुणीतरी पालक हमखास विचारतो, "सर, ते केनियावाले एवढे पळतात तरी कसे?" मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे मी उंचीबद्दल बोलणार हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. केनियातलं इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेसातशे मीटर चढलात तर तेवढी उंची गाठाल. हवा विरळ, आणि गावाच्या कडेलाच केरियो खोऱ्यात कोसळणारा खचदरीचा कडा. पण लेह याहून उंच आहे, पेरू-बोलिव्हियातली गावं त्याहूनही उंच. तिथून काही ऑलिंपिक विजेत्यांची रांग लागलेली नाही. इटेनमध्ये उंचीच्या जोडीला एक वसतिगृहाची शाळा होती, हे माझं उत्तर पालकांना जरा बेचव वाटतं.

शाळेचं नाव सेंट पॅट्रिक्स. आयर्लंडच्या पॅट्रिशियन ब्रदर्स या पंथानं ती चालवली. 1976 साली या पंथाचा एक तरुण ब्रदर तिथे शिकवायला आला. कोलम ओ'कॉनेल, विषय भूगोल. अॅथलेटिक्सचं शिक्षण शून्य. पीटर फॉस्टर नावाचे ब्रिटिश शिक्षक तिथे मुलांना पळवत असत. त्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरचं कांस्य जिंकलेल्या ब्रेंडन फॉस्टरचे हे भाऊ. ते गेल्यावर ट्रॅकची जबाबदारी ओ'कॉनेल यांच्या गळ्यात पडली. आपल्याकडेही हे असंच चालतं. क्रीडाशिक्षकाची बदली झाली की शिट्टी ज्याच्या हातात येईल तो कोच.

गोऱ्या धर्मगुरूनं केनियाला पळायला शिकवलं, ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण खोटी आहे. केनियाची अॅथलेटिक्स संघटना 1951 ची. 1964 साली टोकियोत विल्सन किप्रुगुटनं 800 मीटरचं कांस्य घेतलं, ते देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक. 1968 ला मेक्सिकोत किप केइनोनं 1500 मीटर जिंकली. खुद्द सेंट पॅट्रिक्सचा माइक बॉइट 1972 मध्ये म्युनिकला 800 मीटरचं कांस्य घेऊन आला, तेव्हा ब्रदर कोलम इटेनला पोचलेही नव्हते. पळणारे होतेच. त्यांना हवं होतं ते रोजचं जेवण, एक ठिकाण, आणि पुढल्या वर्षीही तिथेच असणारा माणूस.

वसतिगृहानं नेमकं हेच दिलं. मुलगा घरी असला की गुरं, शेत, पाणी. शाळेत असला की ठरलेल्या वेळी उठणं, पळणं, वर्ग, जेवण, झोप. शिवाय आंतरशालेय स्पर्धांची मालिका आणि तिच्या टोकाला अमेरिकन विद्यापीठांची शिष्यवृत्ती. या शिष्यवृत्तीचा उल्लेख फार कमी लोक करतात. माझ्या मते तिथल्या आईबापांच्या दृष्टीनं पदकापेक्षा तिचं मोल जास्त असणार. सेंट पॅट्रिक्सचा इब्राहिम हुसेन न्यू मेक्सिको विद्यापीठात गेला, 1987 ला न्यूयॉर्क आणि 1988 ला बोस्टन मॅरेथॉन जिंकला. पीटर रोनो मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीजमध्ये शिकत होता आणि 1988 ला सोलमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण घेऊन गेला. वय अवघं 21. जिंकलेल्यांनी शाळेच्या आवारात आपल्या नावाचं झाड लावायचं, अशी तिथली रीत. बुंध्यापाशी नावाची पाटी. वर्गातून बाहेर पडणाऱ्या पोराला उपदेशाची गरज पडत नसणार.

ब्रदरांची पद्धत पाहिली तर आमच्याकडचे कोच वैतागतील. सावकाश जॉगिंग, गुडघे उचलण्याचे, खांदे सैल सोडण्याचे व्यायाम, पाऊल कसं पडतं याकडे बारीक लक्ष. पोरं हळू पळताहेत म्हणून ओरडणं नाही. आम्ही जिल्हास्तर जवळ आला की आठवीच्या पोराला रोज घड्याळ लावून दमवतो आणि दहावीपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागतात. डेव्हिड रुडिशा कोवळ्या वयात त्यांच्याकडे आला तेव्हा 400 मीटर पळायचा. 800 कडे त्याला ब्रदरांनी वळवलं. याच शाळेत शिकलेल्या विल्सन किपकेटरनं डेन्मार्ककडून पळताना 1997 साली 1:41.11 चा विक्रम केला होता. तो 2010 मध्ये मोडला रुडिशानं. 2012 ला लंडनमध्ये 1:40.91. शेजारच्याच वर्गात पेपर तपासायला दिल्यासारखा हा विक्रम एका माणसाच्या दोन शिष्यांत फिरला.

तरी माझ्या लेखी त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. सेंट पॅट्रिक्स मुलांची शाळा. 1989 पासून सुट्टीत तिथे शिबिरं भरू लागली आणि त्यांत मुली आल्या. लग्न लवकर, शिक्षण अर्धवट, हे तिकडे आपल्याइतकंच ओळखीचं. सुट्टीत मुलगी घरकामाला जुंपण्याऐवजी ट्रॅकवर दिसणं, ही मोठी उलथापालथ होती. लिडिया चेरोमेई 1991 मध्ये अँटवर्पला ज्युनियर जागतिक क्रॉसकंट्री जिंकली, वय 13. सॅली बार्सोसिओ 1997 ला अथेन्समध्ये 10,000 मीटरची जगज्जेती झाली. जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली केनियन स्त्री. पुढे लोर्ना किप्लागाट या धावपटूनं इटेनमध्ये उच्चस्थलीय प्रशिक्षण केंद्र उभारलं. पाहुणे परदेशी धावपटू येऊ लागले, लॉज झाले, गावाच्या वेशीवर विजेत्यांचं गाव म्हणून कमान उभी राहिली.

पैसा आला तसे पैशाचे वाटेकरीही आले. ऑक्टोबर 2021 मध्ये अॅग्नेस तिरोपचा इटेनमधल्या राहत्या घरात खून झाला. वय 25, दोन जागतिक कांस्यपदकं नावावर, आणि महिनाभरापूर्वीच तिनं फक्त महिलांच्या 10 किलोमीटर रस्त्यावरच्या शर्यतीचा विश्वविक्रम केला होता. पोलिसांनी नवऱ्याला अटक केली, खुनाचा खटला गुदरला. मुलींना पळायला मोकळं केलं होतं, त्यांच्या कमाईवर कुणाचा हक्क, हा प्रश्न शिबिरांच्या वेळापत्रकात बसणारा नव्हता. तो तिच्या सोबतच्या धावपटूंनी हाती घेतला. त्यांनी 'तिरोप्स एंजल्स' ही संस्था काढली. घरातल्या हिंसेत अडकलेल्या बायकांना आधार देण्याचं काम आता या धावपटू मुलीच करतात.