शिस्त, शिक्षा आणि सुनावणी

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि पाठोपाठ आठवणींचा पाऊस सुरू झाला. त्यातल्या निम्म्या आठवणी शिक्षेच्या होत्या. अंगठे धरून उभे राहणे, बाकावर उभे राहणे, वर्गाबाहेरचा व्हरांडा, डायरीवर पालकांची सही. त्या गमतीजमती इतर मंडळी माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. माझे काम संगणकाचे असले तरी वाचनाची आवड इतिहासाची, म्हणून मी जरा वेगळी वाट धरते. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे नियम कसे घडत गेले, त्याची ही गोष्ट. ठिकाणे दूरदूरची आहेत, पण प्रश्न आपल्या वर्गातलाच आहे. शिक्षा देण्याआधी समोरच्याचे म्हणणे ऐकायचे की नाही?

सुरुवात जिथून करते आहे ते वाचून आपले गुरुजन हसतील, अशी आशा आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक म्हणजे इटलीतले बोलोन्या. बाराव्या-तेराव्या शतकात तिथे कायदा शिकायला दूरदूरच्या देशांतून मोठ्या वयाचे विद्यार्थी येत. परक्या गावात आपले रक्षण व्हावे म्हणून त्यांनी आपले संघ बांधले, आपल्यातूनच प्रमुख निवडला आणि नियम केले. हे नियम होते प्राध्यापकांसाठी! तासाला उशिरा आले तर दंड. घंटा झाल्यावरही शिकवत राहिले तर दंड. ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेला भाग झाला नाही तर दंड. वर्गात पाचापेक्षा कमी विद्यार्थी बसले, तर प्राध्यापक गैरहजर समजून पुन्हा दंड. गावाबाहेर जायचे तर परवानगी घ्यायची आणि परत येण्याची हमी म्हणून पैसे ठेवून जायचे. फी विद्यार्थी देत होते, म्हणून नियमही त्यांचेच.

ही उलटी गंगा फार काळ टिकली नाही. पुढे प्राध्यापकांना नगराकडून पगार मिळू लागला आणि विद्यार्थी संघांचा जोर ओसरला. पॅरिस आणि ऑक्सफर्ड इथे तर पहिल्यापासून सत्ता गुरूंचीच होती. इंग्लंडमध्ये मुले महाविद्यालयातच राहत, त्यामुळे फाटक किती वाजता बंद होणार, बाहेर पडताना झगा घालायचा की नाही, हेही नियमांत आले. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ साली आपल्या ग्रंथात मांडले की, बाप आपल्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाच्या हाती सोपवतो. आपल्याकडे आईवडील मुलाला शाळेत घालताना मास्तरांना सांगत, ‘आता हा तुमचा, वाटेल ते करा.’ दोन्हींचा अर्थ एकच. शिक्षक हा बापाच्या जागी, आणि बापाला कोणी जाब विचारत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारे होते. शिस्त ही ज्या त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांची बाब. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र बदलले. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सरकारची पकड घट्ट झाली आणि पुढच्याच वर्षी वंगभंग झाला. आता प्राचार्यांना बापाची भूमिका तर करायचीच होती, शिवाय सरकारचे कान आणि डोळेही व्हायचे होते. ही ओढाताण पुण्यात लगेच दिसली.

१९०५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार होता फर्ग्युसन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचा, विनायक दामोदर सावरकरांचा. महाविद्यालयाने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले पहिले भारतीय आणि तेव्हा वय तिशीच्याही आत. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याखाली प्राचार्यांवर कडाडून टीका केली. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय, तिच्या संस्थापकांपैकी टिळक स्वतः एक होते आणि मतभेदांमुळे १८९० साली बाहेर पडले होते. त्यामुळे त्या शब्दांना घरातल्या भांडणाची धार होती.

आज आपण ही गोष्ट टिळकांच्या बाजूने वाचतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण परांजप्यांच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहावे. संस्थेला सरकारी अनुदान होते. विद्यापीठाची संलग्नता होती. ते स्वतः गोखल्यांच्या नेमस्त विचारांचे होते आणि विद्यार्थ्यांनी शिकण्याच्या वयात राजकारणात पडू नये, असे त्यांचे मत होते. एका विद्यार्थ्याच्या कृतीवरून सगळ्या संस्थेवर गदा आली तर काय, ही काळजी संस्था चालवणाऱ्या माणसाला असतेच. शिवाय त्या शिक्षेत एक मर्यादाही होती. सावरकरांना बी.ए.ची परीक्षा देता आली. पुढच्या वर्षी ते लंडनला गेलेही. शिक्षा झाली, पण शिक्षणाचे दार बंद झाले नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच महिन्यात बंगालमध्ये दारे बंद करण्याची भाषा सुरू झाली होती. बंगाल सरकारचे प्रभारी मुख्य सचिव कार्लाइल यांनी १० ऑक्टोबर १९०५ ला परिपत्रक काढले. ज्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वदेशीच्या सभा-मिरवणुकांत जातील, त्यांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद होतील. इतकेच नव्हे, तर गरज पडली तर शिक्षकांना आणि संस्थाचालकांना खास पोलीस शिपाई म्हणून नेमले जाईल. आपले गुरुजन हातात दंडुका घेऊन चौकात उभे आहेत, अशी कल्पना करून पाहा. रंगपूरच्या सरकारी शाळेत सभेला गेलेल्या मुलांना दंड झाला, तेव्हा पालकांनी तो भरायला नकार दिला आणि नोव्हेंबरमध्ये गावात राष्ट्रीय शाळाच उघडली.

त्या ठिणगीचे पुढे जे झाले, ते आम्हा इंजिनिअर मंडळींना माहीत असायला हवे. १९०६ साली कलकत्त्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते अरविंद घोष, जे बडोद्याच्या महाविद्यालयातली नोकरी सोडून तिकडे गेले. त्याच वर्षी तंत्रशिक्षणासाठी वेगळी संस्थाही निघाली. या दोन प्रवाहांतून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले आणि १९५५ साली त्याचे जादवपूर विद्यापीठ झाले. विद्यार्थ्यांना गप्प बसवण्यासाठी काढलेल्या एका परिपत्रकाने देशाला एक नामांकित अभियांत्रिकी संस्था मिळवून दिली. परिपत्रक काढणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसेल. आपल्याकडे विष्णू गोविंद विजापूरकरांनी तळेगावला चालवलेले समर्थ विद्यालय त्याच वाऱ्यातले. ते मात्र सरकारने १९१० साली बंद केले.

आता १९१६. कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी महाविद्यालय, सरकारी आणि देशातल्या सर्वांत मानाच्या महाविद्यालयांपैकी एक. इतिहासाचे इंग्रज प्राध्यापक ओटन यांच्या वर्गाबाहेरून काही विद्यार्थी बोलत जात होते. प्राध्यापकांनी त्यांना धक्काबुक्की केल्याची तक्रार झाली. मुलांनी संप केला, मग समेट झाला. महिनाभरात तशीच दुसरी तक्रार आली. या वेळी मात्र मुलांनी १५ फेब्रुवारीला जिन्याजवळ प्राध्यापकांना गाठून मारहाण केली. ज्यांच्यावर ठपका आला त्यांत तत्त्वज्ञानाचा एक हुशार विद्यार्थी होता, सुभाषचंद्र बोस, वय एकोणीस.

चौकशीसाठी आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ती सुनावणीच होती, पण कशी? सुभाषबाबूंना विचारण्यात आले की, प्राध्यापकाला मारणे समर्थनीय आहे का. त्यांनी सांगितले की समर्थनीय नाही, पण विद्यार्थ्यांना फार चिथावले गेले होते, आणि गेल्या काही वर्षांत काय काय घडले ते क्रमाने मांडले. नुसते ‘नाही’ म्हणून थांबले असते तर कदाचित सुटका झाली असती. शेवटी त्यांना आणि अनंगमोहन दाम यांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. प्राचार्य जेम्स यांचेही सरकारशी खटके उडाले आणि तेही निलंबित झाले. सुभाषबाबूंचे शिक्षण वर्षाहून अधिक काळ थांबले. १९१७ साली स्कॉटिश चर्च महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि १९१९ साली ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले. पुढचा इतिहास आपण सगळ्यांनी याच शाळेत पाठ केला आहे.

या प्रकरणावर रवींद्रनाथ ठाकुरांनी एक निबंध लिहिला. त्याचे नावच ‘छात्रशासनतंत्र’. गुरूवर हात टाकणे योग्य, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. लहानपण संपून मोठेपण सुरू होण्याचे हे वय अतिशय हळवे असते. तुरुंगाचा अधिकारी किंवा कवायत घेणारा हवालदार ज्या पद्धतीने माणसे हाताळतो, ती पद्धत इथे चालत नाही. ज्याला मुलांबद्दल आदर आणि माया नाही, त्याने त्यांना शिकवण्याच्या भानगडीत पडू नये, असे त्यांचे सांगणे होते.

आमच्या कामात एक रीत आहे. रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली, तर पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ हा नसतो, ‘काय झाले?’ हा असतो. नोंदी काढायच्या, वेळा जुळवायच्या, प्रत्येकाकडून त्याने काय पाहिले ते घ्यायचे. ज्या संस्थेत पहिला प्रश्न ‘कोणी?’ हा असतो, तिथे माणसे चुका लपवायला शिकतात आणि तीच चूक पुन्हा होते. ही रीत मला नोकरीत नवी वाटली नाही. आपल्या वर्गातली ट्यूबलाइट फुटली होती तेव्हा गणिताच्या बाईंनी आधी प्रत्येकाला कागदावर ‘मी काय पाहिले’ ते लिहायला लावले होते. घडी घातलेले ते कागद वाचून मगच त्यांनी कोणाला काय सांगायचे ते सांगितले.

‘बापाच्या जागी शिक्षक’ या कल्पनेला कायद्याच्या पातळीवर मोठा धक्का बसला तो अमेरिकेत. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी इथे कृष्णवर्णीयांसाठी सरकारी महाविद्यालय होते. २५ फेब्रुवारी १९६० रोजी तिथले विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाणावळीत जाऊन बसले. काही दिवसांत नऊ जणांना काढून टाकल्याची पत्रे मिळाली. आरोप नीट सांगितले नाहीत, म्हणणे ऐकले नाही. डिक्सन नावाच्या विद्यार्थ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९६१ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला. सरकारी पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयाने विद्यार्थ्याला काढण्याआधी त्याच्यावरचा आरोप स्पष्ट कळवला पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. बोलायला साधी गोष्ट आहे. ती कायद्यात यायला बोलोन्यापासून सात-आठशे वर्षे लागली.

याचा अर्थ नियम सैल असावेत असा नाही. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, गुन्हा शाबीत झाल्यास काढून टाकणे आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. पुढे २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. मुले कॉलेजात गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी त्या प्रतिज्ञापत्रावर सही केली असेल. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच हवेत, कारण वसतिगृहात रात्री घाबरून बसलेल्या नव्या मुलाचे रक्षण त्यांनी करायचे आहे. तरी त्याच राज्य कायद्यात प्राचार्यांना सांगितले आहे की तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करा आणि त्यात सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर निलंबित करा. कडकपणा आणि चौकशी हातात हात घालून चालू शकतात, त्याचे हे उदाहरण.

शाळांपुरते बोलायचे तर शिक्षणहक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई केली. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो,’ असे आपल्यातले काही जण अभिमानाने म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, पण एवढेच विचारीन. वळ उठलेला दिवस जास्त आठवतो, की ज्या दिवशी सरांनी छडी बाजूला ठेवून ‘बोल, काय झालं?’ असे विचारले तो?

आपल्यापैकी कोणी आज शाळा चालवतात, कोणी कॉलेजात शिकवतात, कोणी संस्थेच्या समितीवर आहेत, आणि घरी तर आपण सगळेच न्यायाधीश आहोत. नियम लिहायची वेळ आली की शिक्षांची यादी चटकन तयार होते. तिच्या आधी एक ओळ लिहून ठेवावी : ज्याच्यावर आरोप आहे, त्याला तो आरोप सांगावा आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. त्या एका ओळीसाठी एकेकाळी किती मुलांची वर्षे गेली, हे आपल्याला आता माहीत आहे.