नाताळची मसाल्याची वडी

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें पक्वान्नाविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ह्या लेखास एक कारण घडलें. गेल्या आगमनकाळांत प्रश्नोत्तरीच्या वर्गांत एका मुलानें मला विचारलें, "फादर, केक हा तर साहेबांचा पदार्थ. मग आपण नाताळांत तो कां खावा?" प्रश्न सरळ होता. त्याच्या मागें दुसरा एक प्रश्न दडलेला होता, तो असा कीं, आपला सण ह्या मातींतला आहे कीं परक्यांकडून उसना आणलेला आहे? त्या वेळीं मीं हंसून वेळ मारून नेली, पण मनाचें समाधान झालें नाहीं. म्हणून हा प्रपंच.

नाताळांत आपल्या घरीं काकवी, सुंठ, दालचिनी, लवंग व जायफळ घालून जी भाजलेली वडी करतात, आणि जिच्यावर साखरेचा पांढरा थर देतात, तिचाच विचार येथें केला आहे. केकाचें हें सर्वांत सोपें रूप होय. ह्याला सांचा लागत नाहीं; थाळींत ओतावें, भाजावें, थंड झाल्यावर चौकोनी वड्या पाडाव्या.

प्रथम नांवें पाहूं. इंग्रज ज्याला जिंजर म्हणतो तो शब्द ग्रीक व लॅटिन भाषांतून त्याच्याकडे गेला. त्याचें मूळ आपल्या प्राकृत-संस्कृतांतल्या 'शृंगवेर' ह्या शब्दाशीं जाऊन मिळतें. शुगर हा शब्द 'शर्करा' पासून निघाला, आणि कँडी हा 'खंड' म्हणजे खडीसाखर ह्यापासून. आलें, मिरीं व दालचिनी हीं मलबार-सिंहलाकडचीं. लवंग व जायफळ हीं त्याहून पूर्वेच्या मलुक्का व बांदा बेटांचीं. म्हणजे ज्या वडीला आपण साहेबाची समजतों, तिचा सुवास तर पूर्वेकडचाच आहे. तो सुवास युरोपांत कसा गेला व नाताळाशीं कसा जोडला गेला, हें आतां सांगतों.

मध्ययुगांत युरोपांतील मठवासी व्रतस्थ लोक मध, पीठ व मसाला एकत्र करून पोळ्या भाजीत. जर्मनींतील न्युरेम्बर्ग शहराजवळच्या अरण्यांत मध विपुल, आणि त्याच शहरावरून मसाल्याचे व्यापारी जात-येत; त्यामुळें तेथें हा धंदा भरभराटीस आला, व इ.स. १६४३ मध्यें अशा पोळ्या करणाऱ्यांचा स्वतंत्र संघहि तेथें स्थापन झाला. मसाला त्या काळीं फार महाग असे. रोजच्या जेवणांत तो घालणें गरिबाला शक्य नव्हतें. वर्षांतून एकदां, प्रभूच्या जन्माच्या सणाला, तो बाहेर निघे. मागी राजांनीं पूर्वेकडून सुगंधी द्रव्यें आणलीं, हें शुभवर्तमानांत वाचणाऱ्या भाविकांना पूर्वेच्या मसाल्यांत त्या भेटीची आठवण होई, ह्यांत नवल नाहीं.

ह्याच संदर्भांत ड्रेस्डेनच्या लोण्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. आगमनकाळ हा त्या वेळीं कडक उपवासाचा काळ असे, आणि उपवासांत लोणी वर्ज्य होतें. सॅक्सनीच्या लोकांना नाताळचा पाव तेलांत करावा लागे, व तो कोरडा आणि बेचव होई. तेथील राजकर्त्यांनीं रोमला विनंती केली. पहिल्यानें ती नाकारली गेली. अखेर इ.स. १४९१ च्या सुमारास पोप आठवे इनोसंट ह्यांनीं लोणी वापरण्याची परवानगी दिली. तोच पाव पुढें 'श्टोलन' ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्याचा पांढऱ्या साखरेनें माखलेला आकार म्हणजे कपड्यांत गुंडाळलेला बाळ येशू, असें तेथील लोक मानतात. स्थानिक लोकांच्या ताटाकडे पाहून ख्रिस्तसभेनें नियम शिथिल केला, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याचा उपयोग पुढें होईल.

इंग्लंडांत नाताळच्या बारा दिवसांच्या शेवटीं, म्हणजे ६ जानेवारीच्या सुमारास, मोठा केक कापण्याची चाल होती. सतराव्या शतकांत प्युरिटन पक्षाचें राज्य आलें, आणि इ.स. १६४७ मध्यें तेथील पार्लमेंटानें नाताळचा सणच बंद केला. पण सण काय किंवा त्याचें पक्वान्न काय, कायद्यानें मरत नाहीं. राजेशाही परत आली तेव्हां दोन्ही परत आलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत तो बारावा केक मागें सरकून नाताळच्याच दिवसाचा झाला, आणि वर साखरेचा पांढरा थर देण्याची चाल घरोघर पसरली.

ह्या गोड इतिहासाला एक कडू बाजू आहे. ती लपविणें मला योग्य वाटत नाहीं. इ.स. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतला आला तो मसाल्याच्या शोधांत. त्यानंतर मसाल्यासाठीं युरोपियनांनीं युरोपियनांशीं व पूर्वेकडच्या लोकांशीं युद्धें केलीं. इ.स. १६२१ मध्यें डच कंपनीनें जायफळाचा मक्ता आपल्या हातीं ठेवण्यासाठीं बांदा बेटांतील हजारों रहिवाशांची कत्तल केली व उरलेल्यांना गुलाम केलें. अमेरिकेकडील बेटांत ऊंस पिकविण्यासाठीं आफ्रिकेंतून लक्षावधि गुलाम नेले. प्रभूच्या जन्मदिवसाच्या ताटांत ज्या वस्तु पडत, त्यांतल्या कित्येकांच्या मागें असे अश्रु होते.

हिंदुस्थानांत भट्टीची विद्या मुख्यतः पोर्तुगीजांबरोबर आली. 'पाव' हा आपला शब्दच त्यांचा आहे. गोव्यांत खमीर मिळेना, तेव्हां माडाच्या ताडीनें पीठ आंबवूं लागले. तेथील नाताळांत तांदुळाचें पीठ, काळा गूळ व नारळाचें दूध ह्यांचा दोदोल होतो, आणि एकावर एक थर भाजून बेबिंका होते. वसईकडील किरिस्तांव घरांत नाताळाला फुगे तळतात. सुरतेस डचांच्या भट्टींत काम केलेल्या पारशी भटाऱ्यांनीं नानखटाई निर्माण केली, आणि त्या संबंधांत दोटीवाला घराण्याचें नांव घेतलें जातें. केरळांत तेल्लिचेरी येथें मांबळ्ळि बापू नांवाच्या गृहस्थानें ब्रह्मदेशांत बिस्किटें करण्याची कला शिकून येऊन कारखाना घातला. इ.स. १८८३ च्या नाताळापूर्वीं मर्डॉक ब्राउन ह्या दालचिनीच्या मळेवाल्यानें त्याला विलायती केक दाखवून तसा करावयास सांगितलें, आणि बापूनें परदेशी मद्याच्या ऐवजीं तेथल्याच फळांची दारू वापरून तो करून दिला, अशी कथा तेथें परंपरेनें सांगतात.

ह्या सर्व उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. पदार्थ जेथें गेला, तेथें त्यानें तेथलें पीठ, तेथला गोडवा व तेथलें खमीर घेतलें. जेथें असें झालें, तेथें तो टिकला.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. वर्धा जिल्हा इ.स. १८६२ मध्यें नागपुरापासून वेगळा झाला. इ.स. १८६६ मध्यें पालकवाडी ह्या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसविण्यांत आलें, आणि लगेच इ.स. १८६७ मध्यें मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. कामठीची लष्करी छावणी तर इ.स. १८२१ पासूनची. छावणी व रेल्वे ह्या दोन वाटांनीं पाव, बिस्किट व केक ह्या प्रांतांत शिरले. श्रद्धेची वाट निराळी होती. सॅव्हॉय प्रांतांतील आनसी येथून आलेल्या संत फ्रान्सिस द सालच्या मिशनऱ्यांनीं ह्या भागांत काम केलें, आणि इ.स. १८८७ मध्यें नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. आपल्या बहुतेक कुटुंबांत केक आला तो मात्र बाजारांतून, डब्यांत बंद होऊन, तयार.

आणि ह्याच वर्ध्यांत, डिसेंबर १९३४ मध्यें, अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचें स्थान मगनवाडी. संघाचे चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यांतले, इ.स. १८९२ मध्यें जन्मलेले. विलायतेंत हिशेबतपासणीचें शिक्षण घेतलेला हा गृहस्थ येथें येऊन हातचें दळलेलें पीठ, घाणीचें तेल, गूळ व ताडगूळ ह्यांचा पुरस्कार करूं लागला. त्यांचें एक तत्त्व असें होतें कीं, जो वस्तु विकत घेतो तो ती वस्तु कशी तयार झाली ह्याच्या बऱ्यावाईटाचा वांटेकरी होतो. बांदा बेटांची हकीकत वाचतांना मला नेहमीं ह्या वचनाची आठवण होते. त्यांनीं येशूच्या शिकवणीवर लिहिलेला ग्रंथहि इ.स. १९४५ मध्यें प्रसिद्ध झाला. ते कॅथॉलिक नव्हते, पण आपल्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती माणसानें आपलें ताट तपासून पाहावें, हा धडा त्यांच्याकडून घेण्यास आपणांस कांहींच अडचण नसावी.

मला स्वतःला हा धडा एका म्हाताऱ्या बाईनें शिकविला. दीक्षेनंतर थोड्याच वर्षांनीं मी ह्या जिल्ह्यांतील एका खेड्यांत नेमला गेलों. पहिल्या नाताळांत मोठ्या हौसेनें शहरांतून केक आणविला, त्याचे तुकडे केले, आणि शेजारच्या घरोघर ताटल्या पाठविल्या. समोरच्या घरांतल्या माळकरी आजीनें दोन्ही हातांनीं ताटली घेतली. दुसऱ्या दिवशीं मी सहज त्यांच्या ओसरीवर गेलों, तों ताटली कोनाड्यांत तशीच झांकून ठेवलेली. मी ओशाळलों. त्या म्हणाल्या, "फादर, राग नका मानू जी. यात अंडं हाय म्हनते. तुमचा सन आमच्या दारापर्यंत आला, पन ताटात नाही आला." त्यांच्या शब्दांत दोष देण्याचा भाव नव्हता, तरीहि ते शब्द मला रात्रभर टोंचत राहिले. सर्व लोकांना होणारा आनंद म्हणून देवदूतांनीं जी वार्ता सांगितली, तिचा घांस मीं असा केला होता कीं तो शेजाऱ्याच्या गळ्याखालीं उतरूं नये.

पुढच्या वर्षीं आमच्याच देवळांतल्या एका मातेनें उपाय काढला. तिनें केलेली वडी आतां कित्येक घरीं होते, म्हणून तिची कृति येथें देतों. दोन वाट्या कणीक घ्यावी. तींत सुंठीची पूड एक लहान चमचा, दालचिनीची अर्धा चमचा, तीनचार लवंगांची पूड, थोडें किसलेलें जायफळ, एक लहान चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ मिसळावें. एक वाटी किसलेला गूळ किंवा काकवी, पाऊण वाटी आंबट दहीं व अर्धी वाटी पातळ केलेलें तूप वेगळें घोटावें. मग दोन्ही एकत्र करून फार न फेंटतां तूप लावलेल्या थाळींत ओतावें. दह्यांतील आम्ल व सोडा एकत्र येतांच वायु सुटूं लागतो, व त्यानेंच वडी फुगते. म्हणून अंड्याची गरज पडत नाहीं, पण मिश्रण ठेवून देऊं नये, लगेच भाजावें. भट्टी नसल्यास मोठ्या पातेल्यांत वाळू तापवून तींत थाळी ठेवावी, वर झांकण ठेवून त्यावर थोडे निखारे घालावे. पाऊण तासाच्या आंत वडी होते. काडी टोंचून ती कोरडी निघाली म्हणजे उतरावी. गुळांत ओलावा धरून ठेवण्याचा गुण असल्यामुळें ही वडी दुसऱ्या दिवशीं अधिकच मऊ लागते.

वरच्या थरासाठीं त्या मातेनें दही रात्रभर फडक्यांत टांगून चक्का केला, त्यांत पिठीसाखर व थोडी संत्र्याची साल किसून घातली. आर्वी, आष्टी व कारंजा ह्या भागांतील संत्रीं नाताळाच्या सुमारास बाजारांत असतातच. वडी पूर्ण थंड झाल्यावर हा थर द्यावा. ऊन वडीवर तो वितळतो. श्रीखंड ज्याला आवडतें त्याला ह्या थराची ओळख करून द्यावी लागत नाहीं. गाईच्या तुपांत भाजलेला गोरसपाक तर वर्ध्याची ओळखच झाला आहे. तेव्हां तूप, पीठ व भट्टी ह्यांची सोयरीक ह्या गांवाला नवी नाहीं.

त्या वर्षीं आम्हीं ह्या वड्या घेऊन पुन्हां घरोघर गेलों. आजीनें एक वडी माझ्यादेखत खाल्ली आणि म्हणाल्या, "सुंठ बरी लागते जी." एवढेंच. पण ताटली त्यांनीं ठेवून घेतली. रिकामें भांडें परत देऊं नये, अशी आपली रीत. मकरसंक्रांतीच्या दिवशीं त्यांची नात ती ताटली घेऊन आली; तींत तिळगुळाच्या वड्या होत्या.

प्रश्नोत्तरीच्या वर्गांतील त्या मुलाला मी आतां उत्तर देऊं शकतों. बाळा, मसाला पूर्वेचा, भट्टी पश्चिमेची, गूळ व दहीं आपल्या घरचें. नाताळची वडी कोणाची, हें तिच्या उगमावरून ठरत नाहीं. ती कोणाकोणाला खातां येते, ह्यावरून ठरतें. ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एक थाळी जास्त भाजावी, आणि ती समोरच्या दारीं न्यावी, एवढीच माझी विनंती आहे.