मावळांतील वैद्यकी बाडें व अधिवृक्क ग्रंथींचे विकार

मुळशी तालुका म्हणजे जुन्या कागदांतील पौड मावळ व त्यास लागून असलेलीं खोरीं. येथील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वतनी कागद, हिशेब व वंशावळी यांच्या जोडीला औषधांचें एखादें बाड निघालें तर नवल नाहीं. संग्राहक वतनी कागद उचलतो. बाड बहुधा तेथेंच राहतें. वैद्यकाचा शोकी आला तर तो बाड तेवढें नेतो व वंशावळ टाकतो. ही फाटाफूट किती नडते तें एका रोगाच्या उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथि असतात, त्यांस अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. सोळाव्या शतकांत इटलींतील युस्टाकी यानें त्या वर्णिल्या; कार्य मात्र तीन शतकें अज्ञात राहिलें. त्यांच्या नाशानें होणारा रोग ॲडिसन यानें 1855 सालीं प्रसिद्ध केला. स्राव वाढल्यानें होणारे विकार त्याहून उशीरा उलगडले. कॉर्टिसॉल हा स्राव वाढला म्हणजे चेहरा वाटोळा होतो, धडावर मेद चढतो, पण हातपाय बारीकच राहतात. पोटावर जांभळे पट्टे उमटतात, कातडी पातळ होते, हाडें ठिसूळ बनतात, स्त्रियांच्या चेहऱ्यावर केस फुटूं लागतात. मूळ दोष पुष्कळदां मेंदूच्या तळाशीं असलेल्या पोष ग्रंथींत असतो, हें अमेरिकन शस्त्रवैद्य कुशिंग यानें 1932 सालीं मांडलें.

आतां चरकाकडे वळूं. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत आठ निंदित देह सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूल आहे आणि अतिलोमही आहे. तेवढ्यावरून हा रोग आमच्या पूर्वाचार्यांस ठाऊक होता असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल. आमच्या मतें हें साम्य फसवें आहे. चरकानें हे दोन निरनिराळे देह मानले आहेत. एकाच शरीरांत दोन्ही लक्षणें त्यानें जोडलेलीं नाहींत. त्याच्या स्थूलाचे स्तन, उदर व नितंब लोंबतात, पण हातपाय वाळलेले नाहींत. कारणेंही अतिभोजन, दिवसाची झोंप, व्यायामाचा अभाव व बीजस्वभाव अशीं साध्या स्थौल्याचीं आहेत. दुर्बलता, अतिक्षुधा व अतितृषा हीं जुळतात खरीं, पण तीं कितीएक रोगांत जुळतील. आनंदाश्रमानें छापलेल्या योगरत्नाकरांतला मेदोरोगाचा पाठ एखाद्या बाडांत उतरलेला सांपडला, तर त्या वैद्यास ग्रंथ माहीत होता इतकेंच सिद्ध होतें. तसा रोगी त्यानें पाहिला होता असें नव्हे.

अधिवृक्काचा दुसरा एक स्राव वाढल्यानें रक्तदाब चढतो व रक्तांतील पोटॅशियम घटतें. हा विकार कॉन यानें 1955 सालीं ओळखला. दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याचें रिव्हा-रॉची याचें साधनच मुळीं 1896 चें. तेव्हां पेशवाईंतील कागदांत हा रोग शोधणें व्यर्थ होय.

तथापि जुन्या कागदावरून निदान कधींच ठरत नाहीं असें मात्र नाहीं. जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें 1886 सालीं फ्रेंकेल यानें अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत छापली. तिला धडधड, डोकेदुखी व फिकटपणा यांचे झटके येत. मरणोत्तर तपासणींत दोन्ही अधिवृक्कांत अर्बुदें निघालीं. आपल्याकडे अशा झटक्यांस बाधा म्हटलें जाण्याचाच संभव अधिक. पुढें 2007 सालीं शोधकांनीं त्या मुलीच्या कुळाचा माग काढला, हयात नातलगांचें रक्त तपासलें, आणि हा दोष घराण्यांत आनुवंशिक असल्याचें दाखविलें. एकशेंवीस वर्षांमागील निदानास बळकटी आली ती रोग्याची टिपणी व वंशावळ या दोहोंच्या संयोगानें. दोहोंतील एक गहाळ असतें तर तें झालें नसतें.

मुळशीच्या बाबतींत ही गोष्ट विशेष निकडीची आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला. तरी धरण पुरें झालें व मुळेच्या खोऱ्यांतील अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. घरें उठलीं तेव्हां दप्तरेंही मूळ गांव सोडून हाललीं. म्हणून अशा कुटुंबाकडे बाड मिळाल्यास मूळ गांव प्रथम विचारावें, आणि समासांत रोग्याचें नांव, वय, तिथि व लक्षणांचा क्रम असल्यास तो जसाच्या तसा उतरून वंशावळीसह एकाच रुमालांत ठेवावा. औषधांचे पाठ मागाहून पाहतां येतील. ते बहुधा छापील ग्रंथांत आहेतच.