अहल्या ते अहिल्या : एका दुर्मिळ नावाचा प्रवास

इंदूर नगरीत ‘अहिल्या’ हे नाव कानावर पडल्यावाचून एकही दिवस मावळत नाही. येथील विद्यापीठ देवी अहिल्येच्या नावाचे, विमानतळ तिच्याच नावाचा, राजवाड्यासमोरील उद्यानात पुतळाही तिचाच. असे असूनही जवळजवळ तीन दशके महाविद्यालयात विद्यार्थ्यांची हजेरी घेताना प्रस्तुत लेखकाला ‘अहिल्या’ नावाच्या विद्यार्थिनी भेटल्या त्या केवळ दोन. आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या सभासद-वह्या चाळल्या तरी हेच आढळते. गोदावरी, भागीरथी, जानकी, रुक्मिणी, द्वारका, पुढे कुमुदिनी, नलिनी, सुमन अशी नावे पानोपानी दिसतात. अहिल्या मात्र शोधावी लागते. जे नाव साऱ्या नगरीने मस्तकी धारण केले, ते घरातील पाळण्यात का आले नाही, हा प्रश्न शताब्दीच्या निमित्ताने विचारात घेण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मूळ संस्कृत रूप ‘अहल्या’ असे आहे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात या नावाची फोड खुद्द ब्रह्मदेवाच्या तोंडी घातली आहे. त्याने सर्व प्राणिमात्रांतील उत्तम ते ते वेचून एक स्त्री निर्माण केली. ‘हल’ म्हणजे कुरूपता आणि त्यापासून उद्भवणारे ते ‘हल्य’. जिच्या ठायी असे हल्य मुळीच नाही, ती अहल्या. दुसरी व्युत्पत्ती शेतकऱ्याला अधिक जवळची वाटेल. ‘हल’ म्हणजे नांगर. ज्या भूमीला नांगर लागला नाही, ती अहल्या. रवींद्रनाथ ठाकुरांना हाच अर्थ भावला होता. त्यांच्या ‘मानसी’ या १८९० च्या संग्रहात अहल्येला उद्देशून लिहिलेली एक कविता आहे.

तिसरा अर्थ मीमांसक कुमारिल भट्टांचा. शतपथ ब्राह्मणात यज्ञप्रसंगीच्या आवाहनात इंद्राला ‘अहल्येचा जार’ म्हटले आहे. या प्राचीन उल्लेखावरून देवाच्या आचरणाविषयी शंका उपस्थित होते. कुमारिलांनी तिचे निरसन असे केले की, अहल्या म्हणजे दिवसा लय पावणारी रात्र आणि इंद्र म्हणजे तिला जीर्ण करणारा सूर्य. हा युक्तिवाद पटो वा न पटो, एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. या नावाला चिकटलेला डाग फार जुना आहे आणि तो पुसण्याची धडपडही तितकीच जुनी आहे.

डाग कोणता, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. गौतम ऋषींची पत्नी, इंद्राचे कपट, पतीचा शाप, शिळा होऊन पडणे आणि रामाच्या चरणधूळीने उद्धार ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो. मूळ बालकांडात मात्र शिळा नाही. तेथे अहल्या कोणाच्या दृष्टीस न पडता, वायुभक्षण करीत, भस्मात शयन करीत आश्रमातच तप करते. राम-लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा ते दोघे बंधूच तिचे पाय धरतात. पुढील काळातील कथांनी हा प्रसंग उलटा केला. जिचे चरण वंदिले गेले, ती चरणस्पर्शाची याचक झाली. लोकमनात ‘अहल्या’ या शब्दाचा अर्थ ठरला तो या उत्तरकालीन कथेने. ब्रह्मदेवाने केलेली फोड पोथीतच राहिली.

तरीही परंपरेने तिला सर्वस्वी टाकले नाही. प्रातःकाळी ज्या पाच स्त्रियांचे स्मरण करावे असे सांगितले आहे, त्यांत पहिले नाव अहल्येचे आहे. या पंचकन्यांच्या यादीकडे पाहिले की आपल्या नामकरणाची रीत उलगडते. तारा हे नाव घरोघर चालले. द्रौपदी गावोगाव आढळते. कुंती क्वचित भेटते आणि मंदोदरी तर जवळजवळ नाहीच. सकाळी ज्या नावाला हात जोडावयाचे, तेच नाव लेकीला देताना मात्र बाप थबकतो. नावाबरोबर नशीबही येते, ही समजूत त्याच्या मनात खोल रुजलेली असते.

या पार्श्वभूमीवर ३१ मे १७२५ हा दिवस पाहावा. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी माणकोजी शिंदे या पाटलांच्या घरी कन्या जन्मली आणि ती अहिल्या या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी जिभेने ‘ह’ला इकार जोडून संस्कृत अहल्येची अहिल्या करून घेतली, ती आपल्या उच्चाराच्या सोयीने. १७३३ साली ती मल्हारराव होळकरांची सून झाली. पुराणातील अहल्येचे पती गौतम, तर या अहिल्येच्या सासूचे नाव गौतमाबाई, हा एक गमतीचा योगायोग.

पुढचा इतिहास सुपरिचित आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे गेले आणि १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेले. नावाबरोबर नशीब येते असे मानणाऱ्यांना येथे पुरेसा पुरावा मिळाला असता. परंतु या अहिल्येने शिळा होणे नाकारले. महेश्वर येथून तिने जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्यकारभार पाहिला. काशी विश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद येथील बांधकामे, शिवाय घाट, विहिरी, धर्मशाळा. महेश्वरी विणकरांना दिलेला आश्रय वेगळाच. एका अहल्येचा उद्धार इतरांनी केला, असे कथा सांगते. दुसरीने भग्न देवळांचा आणि तहानलेल्या वाटसरूंचा उद्धार केला.

लोकांनी तिला ‘पुण्यश्लोक’ म्हटले. ही पदवीही प्रातःस्मरणातलीच, नल आणि युधिष्ठिर यांच्या नावांमागे लागणारी. म्हणजे सकाळच्या स्मरणात पहिली अहल्या कन्या म्हणून होती, दुसरी पुण्यश्लोक म्हणून आली. कोशातील अर्थ न बदलता नावाचे वजन बदलले. कुमारिलांच्या पांडित्याला जे साधले नाही, ते एका विधवेच्या कर्तृत्वाने साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग नाव तरीही दुर्मिळ का राहिले? आमच्या मते पूर्वी ते भीतीमुळे टाळले गेले आणि नंतर आदरामुळे. ‘देवी’, ‘मातोश्री’, ‘पुण्यश्लोक’ अशा बिरुदांनी वेढलेले नाव धूळमाखल्या परकराच्या पोरीला हाक मारण्यास जड वाटू लागले. आईने रागावून “अगं अहिल्ये” म्हणावे आणि तिलाच अवघडल्यासारखे व्हावे! १९६४ साली स्थापन झालेले इंदूर विद्यापीठ १९८८ मध्ये देवी अहिल्या विश्वविद्यालय झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव पाट्यांवर चढत गेले आणि पाळण्यापासून दूर होत गेले.

अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. कामगार आणि स्त्रियांच्या लढ्यांत आयुष्य वेचणाऱ्या अहिल्या रांगणेकर (१९२२–२००९) १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांची वाट होळकरांच्या अहिल्येहून सर्वस्वी निराळी होती. देवळे बांधण्याऐवजी त्यांनी मोर्चे बांधले. तरी नाव त्यांना शोभून दिसले. थोर नाव पेलण्यासाठी त्या थोर व्यक्तीची प्रतिकृती व्हावे लागत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी समाजाला या नावाचे आणखी एक महत्त्व आहे. अहिल्याबाईंची पुण्यतिथी मराठी पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य चतुर्दशीला येते, तर उत्तरेच्या पंचांगात तीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून लिहिली जाते. महिन्याचे नाव वेगळे, दिवस एकच. इंदुरात त्या दिवशी पालखी निघते तेव्हा मराठी आणि माळवी कुटुंबे एकाच नावाचा जयघोष करतात. उच्चारासाठी कोणालाच जीभ वळवावी लागत नाही. दोन्ही घरांत सारखेच आपले वाटेल असे नाव आपल्या वाट्याला आले आहे.

१७२५ साली चौंडीच्या पाटलांची लेक हे नाव घेऊन वाढली तेव्हा त्यामागे बिरुद नव्हते. मागे होती ती एक दुखरी कथा. ती कथा असतानाही ते नाव मुलीला मिळाले, म्हणूनच पुढचे सारे घडू शकले. आज भीतीचे कारण उरलेले नाही आणि आदराने अडखळण्याचेही प्रयोजन नाही. या ग्रंथालयाच्या सभासद-वहीत दुसऱ्या शतकाची पाने लिहिली जातील. त्यांवर एखादी सात-आठ वर्षांची अहिल्या स्वतःच्या हाताने सही करून गोष्टींचे पुस्तक घरी नेताना दिसावी, एवढीच अपेक्षा.