पत्र्याची कातडी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईतल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली वस्तीकडे बघा. निळी ताडपत्री, तिच्यावर ठेवलेल्या विटा, जुने टायर. मधूनच एखादा माणूस ब्रश घेऊन उकिडवा बसलेला, शेजारी डांबराचा डबा. पाऊस यायला दहा-बारा दिवस उरलेत आणि तो पत्र्याला डांबर मारतोय. गेल्या वर्षीही त्यानं हेच केलं होतं. पुढच्या वर्षीही करावं लागेल.

हे दृश्य इतकं नेहमीचं आहे, की त्याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही. पण आहे. त्या डब्यातलं डांबर, पत्र्यावरचं जस्त आणि हल्ली हार्डवेअरच्या दुकानात बादलीतून मिळणारा रबरी लेप, या तिघांची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी जवळपास एकाच काळात सुरू होते. ती गोष्ट आहे पत्र्याला कातडी देण्याची.

आधी पत्रा. हेन्री रॉबिन्सन पामर हा लंडनच्या गोदीतला इंजिनिअर. १८२९ साली त्यानं लोखंडाच्या पातळ पत्र्याला लाटा पाडण्याचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आहे, आत्ता करून बघता येईल. कागद एका कडेला धरला तर लवतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, तो ताठ राहतो आणि वर पेनाचं वजनही पेलतो. लोखंडाचंही तसंच. पातळ पत्र्याला पन्हळी पाडल्या, की कमी लोखंडात आणि कमी आधारावर मोठं छप्पर उभं राहतं. पामरनं ते गोदीतल्या टर्पेंटाइनच्या शेडवर उभं करून दाखवलं.

पण पातळपणा हाच त्याचा शत्रूही होता. जाड तुळईचा एक मिलिमीटर गंजला तर तुळईला फारसं कळत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला मात्र तेवढ्यात भोक पडतं.

त्यावर उत्तर आलं फ्रान्समधून. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या इंजिनिअरनं लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जस्त साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात बुडवून काढलेल्या पत्र्यावर जस्ताचा थर बसतो. ऐकताना हे पितळेच्या भांड्याला कल्हई करण्यासारखं वाटेल. पण एक मोठा फरक आहे. कल्हई फक्त झाकते, ती खरवडली गेली की तिथलं पितळ उघडं पडतं. जस्त झाकतं आणि वर स्वतःचा बळीही देतं. पत्र्यावर ओरखडा उठला, तर आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि उघड्या लोखंडाला वाचवतं.

पामरचं पेटंट १८४३ मध्ये संपलं आणि पत्रा स्वस्त झाला. १८४९ मध्ये सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात धावलेल्या लोकांसाठी इंग्लंडमधून पत्र्याची आख्खी घरं सुटी करून जहाजानं रवाना झाली. १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यानं स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल इस्टेटीत पन्हळी पत्र्याचं नाचघर बांधून घेतलं. नवा राजवाडा होईपर्यंतची ती तात्पुरती सोय होती. गंमत म्हणजे ते 'तात्पुरतं' नाचघर आजही उभं आहे. त्याचा सुतारशाळा म्हणून वापर होत आला. पत्रा दीडशे वर्षांहून जास्त टिकू शकतो, पण त्याच्याकडे बघणारं कुणीतरी लागतं.

कारण जस्त अमर नाही. चांगल्या पत्र्यावर एका चौरस मीटरला, दोन्ही बाजू धरून, साधारण २७५ ग्रॅम जस्त असतं. म्हणजे एका बाजूला मिलिमीटरचा पन्नासावा भाग. बाजारात १२० ग्रॅमवालाही पत्रा मिळतो, आणि हात आखडता असला की तोच घेतला जातो. समुद्राची खारी हवा आणि शहरातला धूर हे जस्त लवकर खातात. सुरुवात कापलेल्या कडांपासून, बोल्टच्या भोकांपासून आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यापासून होते, कारण पाणी तिथे साचून राहतं. जस्त संपलं, की लाल गंज दिसू लागतो.

मग येतं डांबर. एकोणिसाव्या शतकात शहरांतले दिवे दगडी कोळशाच्या गॅसवर जळायचे. लंडनमध्ये आधी, मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून. बंद भट्टीत कोळसा तापवून गॅस काढला, की काळा चिकट गाळ मागे राहतो, तेच कोळशाचं डांबर. टाकाऊ, स्वस्त आणि पाणी अडवणारं. लोखंडाला आणि लाकडाला ते फासलं जाऊ लागलं. आज डब्यात बहुधा पेट्रोलियमपासून निघालेलं बिटुमेन असतं, पण नाव डांबरच राहिलं.

डांबराचे दोष त्याच्या पाठीला चिकटूनच आले. उन्हात ते मऊ होतं आणि जुनं झालं की कडक होऊन तडकतं. शिवाय ते काळं. पाऊस अडवतं, पण एप्रिल-मे महिन्यांत ऊन ओढून घेतं. खाली घरात पंखा फिरतो, तो गरम हवाच फिरवतो.

रबराची गोष्ट याच डांबरातून निघते. चार्ल्स मॅकिंटॉश हा ग्लासगोचा रसायनतज्ज्ञ. गॅसच्या कारखान्यातल्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळतं, हे त्यानं वापरात आणलं आणि १८२३ मध्ये रबर लावलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. पण ते रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला कळलं, की गंधक घालून तापवलं तर रबर दोन्ही ऋतूंत लवचीक राहतं. जगाचे टायर त्या शोधावर फिरले. तो मात्र १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत गेला. पुढे १९३० मध्ये निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झालं आणि झाडाच्या चिकावाचून रबर बनवण्याची वाट रुंद झाली.

आजच्या बादलीतल्या 'रबरी' लेपात बहुतेक वेळा झाडाचं रबर नसतंच. पाण्यात मिसळलेले ॲक्रिलिकचे बारीक कण असतात. पाणी उडून गेलं, की ते एकमेकांना धरून ताणली जाणारी एकसंध साय तयार होते.

ताणली जाणं महत्त्वाचं का? हिशोब करू. पोलादाचा एक मीटर तुकडा एका अंशाला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतो. दहा फुटी पत्रा पहाटेच्या २५ अंशांवरून दुपारी ६५ अंशांवर गेला, तर तो जवळजवळ दीड मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आक्रसतो. हे रोज चालतं. कडक थर या ओढाताणीत तुटतो, रबरी थर सोबत हलतो.

पण लेप म्हणजे जादू नव्हे. आधी पत्रा धुवायचा, सुटा गंज तारेच्या ब्रशनं खरवडायचा, रेड ऑक्साइडसारखा प्रायमर मारायचा. सैल बोल्ट आवळायचे, कुजलेले वॉशर बदलायचे. सांध्यांवर आणि बोल्टांवर जाळीची पट्टी लेपात बसवायची. मग दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि सगळं कोरड्या दिवसांत. गंजावर थेट मारलेला लेप पापुद्रा होऊन सुटतो. चाळण झालेला पत्रा तर बदलावाच लागतो, कारण कातडी हाडाचं काम करू शकत नाही.

लेप पांढरा असेल तर तो ऊनही परतवतो. अहमदाबादनं २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. पाऊस अडवता अडवता छपरानं ऊनही अडवावं, ही मागणी आता सरकारी कागदावर आली आहे.

मग तो माणूस अजून डांबरच का मारतोय? रबरी लेप महाग पडतो, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की काही वर्षं टिकणारा लेप तोच लावतो, ज्याला काही वर्षं तिथेच राहण्याची खात्री असते. 'कच्चं' म्हणून नोंदलेल्या घरात, उद्या पाडकामाची नोटीस येईल या धास्तीत, माणूस एका पावसाळ्यापुरतंच छप्पर विकत घेतो. असे वीस पावसाळे झाले, की त्या डब्यांचा खर्च चांगल्या छपराच्या पुढे जातो. घर मात्र तात्पुरतंच म्हणवलं जातं.

बाल्मोरलचं नाचघरही तात्पुरतंच होतं. फरक इतकाच, की ते पाडायला कुणी येणार नव्हतं.